जलरंगांकडून पोर्सेलीनकडे वळणाऱ्या चित्रकारासाठी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कलाशिक्षण झालेले आहे, जलरंगांचा बराच सराव आहे आणि आता पोर्सेलीनवर चित्रे रंगवण्यात प्रावीण्य मिळवायचे आहे, तर त्याला किती काळ लागेल, जलरंगांतील कौशल्य कितपत उपयोगी पडेल, स्वतःची भट्टी घ्यावीच लागेल का, आणि घरच्या ओव्हनमध्ये पक्क्या होणाऱ्या रंगांवर काम भागेल का. मी अनेक वर्षे हे काम करते आणि शिकवतेही, त्या आधारावर सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात वादाला जागा नाही. ओव्हनमध्ये साधारण १५० अंश सेल्सिअसला पक्के होणारे रंग झिलईवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, केवळ चिकटून बसतात आणि रोजच्या घासण्याधुण्यात हळूहळू निघू लागतात. पोर्सेलीनचा खरा रंग मात्र भट्टीत वितळतो, झिलईला धरतो आणि थंड झाल्यावर काचेसारखा कायमचा होऊन बसतो. त्यासाठी ७०० अंशांच्या वर जावे लागते. ओव्हनच्या रंगांनी नक्षीचा सराव होईल, परंतु या कलेत जे खरोखर अवघड आहे त्याची ओळखसुद्धा होणार नाही.

अवघड काय आहे, ते आता सांगते. चित्रकला शिकलेल्या माणसाचा हात पोर्सेलीनवर काही महिन्यांत बसतो. वर्षे लागतात ती समोर दिसत नसलेला परिणाम मनात धरून रंगवण्याला. कागदावर आपण रंग लावतो, तो वाळतो, थोडा फिका पडतो आणि चित्र समोर असते. पोर्सेलीनवरचे चित्र तीन-चार भाजण्यांमध्ये विभागून पुरे होते. प्रत्येक भाजणीत रंगाची छटा, चकाकी आणि कडा बदलतात, आणि आज लावलेला थर पुढच्या सगळ्या भाजण्यांतूनही जाणार असतो. म्हणून इथे चित्राची आखणी करताना रचना आणि रंग यांच्याबरोबर ‘कोणत्या भाजणीत काय’ हाही विचार पहिल्या रेषेपासून करावा लागतो. माझ्या मते प्रावीण्य म्हणतात ते हेच, आणि पुढचे सगळे विवेचन मी याच धाग्याने करणार आहे.

मूळ द्रव्याविषयी दोन गोष्टी माहीत असाव्यात. कठीण पोर्सेलीन केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजे यांपासून बनते आणि सुमारे १३०० ते १४०० अंशांना भाजले जाते. त्यावर रंगवण्याच्या दोन वाटा आहेत. झिलईखालच्या पद्धतीत कच्च्या किंवा अर्धवट भाजलेल्या भांड्यावर कोबाल्टच्या निळ्या रंगाने रंगवतात, वरून झिलई देतात आणि मग पूर्ण उष्णतेला भाजतात. चौदाव्या शतकात चीनच्या जिंगदेझेनमध्ये बहरलेली निळी-पांढरी भांडी या पद्धतीची आहेत. तिथे भांडे कुंचल्यातला ओलावा शोषून घेते, त्यामुळे चुकलेली रेषा पुसता येत नाही. दुसरी वाट झिलईवरची. भांडे पूर्ण तयार झालेले असते आणि त्यावर धातूंच्या संयुगांपासून बनवलेले, फ्लक्स म्हणजे कमी उष्णतेला वितळणारी काच मिसळलेले रंग लावून ते साधारण ७२० ते ८०० अंशांना, काही रंगांच्या बाबतीत थोडे अधिक, भाजतात. आपण दुसऱ्या वाटेने सुरुवात करावी. इथे भाजण्यापूर्वी सगळे पुसता येते, आणि शिकणाऱ्याला ही मुभा फार मोलाची असते.

रंग पूड स्वरूपात मिळतो आणि तो आपणच घोटायचा असतो. काचेच्या फरशीवर चिमूटभर पूड घ्यावी, त्यात तेलाचे माध्यम थेंबाथेंबाने घालावे आणि लवचीक पात्याच्या पॅलेट नाईफने गोलाकार घोटत राहावे. सुरुवातीला पात्याखाली कण करकरतात. तो आवाज पूर्ण थांबेपर्यंत घोटणे संपत नाही. तयार रंग ताज्या लोण्याइतका घट्ट असावा आणि पात्याच्या टोकावर उचलला तर ओघळू नये. माध्यमासाठी घट्ट केलेले टर्पेंटाइन, कोपायबा, लॅव्हेंडर तेल, लवंगतेल अशी द्रव्ये वापरतात, आणि प्रत्येकाचा वाळण्याचा वेग वेगळा असतो. लवंगतेलाने रंग बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे मोठ्या पाकळीची छटा सावकाश मिसळता येते. पण तेवढ्याच वेळात हवेतली धूळ आणि कुंचल्याचे केस त्यात अडकतात, आणि ते भाजून निघाल्यावर त्या जागी बारीक खळगा किंवा ठिपका उरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि पुण्याच्या उन्हाळ्यात एकच प्रमाण चालत नाही. ते आपल्या खोलीत आपणच बसवायचे असते.

पहिल्या काही आठवड्यांत मी विद्यार्थ्यांना फुले रंगवू देत नाही. एक पांढरी बशी, एकच रंग आणि चपटा कुंचला घेऊन दाट ते फिका असा एका दमात उतरणारा पट्टा काढायचा, तो पुसायचा आणि पुन्हा काढायचा. झिलई गुळगुळीत असल्यामुळे कुंचल्याला कागदासारखी पकड मिळत नाही. रंग पसरतो, सरकतो आणि तेल जास्त झाले तर कडेला गोळा होतो. जलरंग करणाऱ्याला इथे एक अडचण हमखास येते. पाण्याने रंग पातळ करून तो वाहू देण्याची त्याला सवय असते, आणि इथे तेल वाढवून तेच करू पाहिले की भाजताना तेल उकळते आणि रंगाला फोड येतात. फिकेपणा तेल वाढवून आणायचा नसतो. तो थर पातळ ठेवून आणायचा असतो. उलट, पांढरेपण राखण्याची जलरंगातील शिस्त इथे जशीच्या तशी उपयोगी पडते, कारण युरोपीय पद्धतीत उजेड हा पोर्सेलीनच्या स्वतःच्या पांढऱ्यातून येतो. ज्यांनी फक्त तैलरंग केले आहेत त्यांना ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते; आपल्याजवळ ती आहे.

रेषेसाठी एक जुनी युक्ती सांगते, कारण ती कळली की कितीतरी श्रम वाचतात. बारीक रेषा टाकाने काढायच्या असतील तर रंगाची पूड तेलाऐवजी साखरेच्या दाट पाण्यात घोटावी. ही रेषा वाळली की तिच्यावरून तेलाचा रंग फिरवला तरी ती विरघळत नाही, आणि म्हणून रेषा व रंग एकाच भाजणीत होऊ शकतात. रेखाचित्र उतरवून घेण्यासाठी ग्रीज पेन्सिल चालते. तिची खूण भट्टीत जळून जाते.

आता एक गुलाब भाजण्यांमध्ये कसा विभागला जातो ते पाहू. पहिल्या भाजणीसाठी फुलाचा पूर्ण आकार फिक्या गुलाबीने भरायचा, थोडी सावलीची बाजू सोडता कुठेही दाटपणा येऊ द्यायचा नाही, आणि रंग ओला असतानाच स्वच्छ, किंचित तेल लावून पुसलेल्या चपट्या कुंचल्याने पाकळ्यांचे उजेड उचलून घ्यायचे. प्रत्येक उचलीनंतर कुंचला फडक्याला पुसावा लागतो. तसे केले नाही तर उचललेला रंग पुढच्या पाकळीवर जाऊन बसतो. या अवस्थेत फूल अपुरे दिसते, आणि ते तसेच भट्टीत घालायला धीर लागतो. नवशिका इथेच घाई करतो. सगळी खोली पहिल्याच थरात आणण्यासाठी रंग जाड लावतो, आणि तो जाड थर भाजताना तडकून झिलईवरून सुटतो. दुसऱ्या भाजणीत फुलाचा गाभा आणि पाकळ्यांच्या मागच्या सावल्या येतात, पानांवर थंड हिरवा फिरतो आणि काही पाने मुद्दाम पार्श्वभूमीत विरू दिली जातात. तिसऱ्यात फक्त नेमके ठळक ठिकाणचे फटकारे, देठाची धार, एखाद्या पाकळीची दुमडलेली कड. पहिल्या भाजणीनंतर पहिल्या थराला हात लावता येत नाही. त्यावर दाट करता येते, फिके करता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जे पांढरे राखले तेवढेच शेवटी आपल्याजवळ असते.

रंगांचे रसायन हा या शिक्षणाचा सर्वांत लांब टप्पा आहे आणि मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. गुलाबी आणि जांभळे रंग सोन्यापासून बनतात. अम्लराजात, म्हणजे सोने विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळवलेले सोने कथिलाच्या क्षाराबरोबर जो जांभळा साका (तळाशी बसणारा गाळ) देते तो युरोपात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाला, आणि अँड्रिआस कॅसिअस याच्या नावाने ओळखला जातो. चीनमध्ये १७२०च्या दशकात बहरलेल्या गुलाबी छटांच्या भांड्यांतही रंग सोन्याचाच आहे; फरक असा की चिनी कारागिरांनी त्यात अपारदर्शक पांढरा मिसळून दाट, किंचित उठावाच्या छटा मिळवल्या. सोन्याचा गुलाबी कमी भाजला गेला तर विटकरी-तपकिरी राहतो आणि जास्त भाजला गेला तर निळसर होत जातो, त्यामुळे भट्टीचे खरे तापमान काय होते हे त्याच्याकडे पाहूनही कळते. लोहाचे लाल रंग नेमके उलट स्वभावाचे असतात. त्यांना कमी उष्णता मानवते, जास्त उष्णतेत किंवा वारंवार भाजण्यात ते उडू लागतात, आणि पिवळ्याच्या सान्निध्यात पिवळा त्यांना खाऊन टाकतो. लोहाचा लाल आणि सोन्याचा गुलाबी एकत्र घोटू नयेत. मळकट रंग येतो. कॅडमियम-सेलेनियमचे झगझगीत लाल व नारिंगी तर बहुतेक रंगांशी जमवून घेत नाहीत, त्यांना स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र कुंचला द्यावा. हे सगळे पाठ करून येत नाही. प्रत्येक रंगाची दाट-मध्यम-फिकी अशी पट्टी एका फरशीवर लावून, भाजून, मागे रंगाचे नाव आणि तापमान लिहून ठेवावे, आणि नवी बाटली आली की पुन्हा करावे.

जर्मनीतल्या माइसेन इथल्या पोर्सेलीन कारखान्याचा इतिहास इथे खरोखर शिकवणारा आहे. चिर्नहाउस हा शास्त्रज्ञ आणि बॉटगर हा किमयागार यांच्या प्रयोगांतून युरोपातले पहिले कठीण पोर्सेलीन तिथे १७१० पासून बनू लागले, पण पहिली दहा वर्षे त्यावर टिकणारे चांगले रंग त्यांच्याजवळ नव्हते. १७२० मध्ये योहान ग्रेगोरिउस हेरोल्ट हा चित्रकार व्हिएन्नाहून आला आणि पुढच्या दशकभरात त्याने रंगांची अशी श्रीमंत पेटी उभी केली की सारे युरोप तिच्या मागे धावले. चित्रकार म्हणून त्याच्या चिनी धाटणीच्या चित्रांची ख्याती आहेच, पण त्याचे मोठेपण माझ्या दृष्टीने रंग घडवण्यात अधिक आहे. रंग बनवणे आणि रंगवणे ही त्याने वेगळी कामे मानली नाहीत. जर्मनीत कारखान्यातील पोर्सेलीन-चित्रकार हा आजही मान्यताप्राप्त व्यवसाय आहे आणि त्याचे प्रशिक्षण तीन वर्षांचे असते. ‘किती काळ’ या आपल्या प्रश्नाला तोच माझा पहिला हिशेब. तीन वर्षांनी माणूस कामाला लागण्याइतका तयार होतो. स्वतःची शैली त्यानंतरची गोष्ट आहे.

आपल्यासारख्याच, दुसऱ्या माध्यमातून आलेल्या कलावंताचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेच्या ज्युडी शिकागो यांचे घ्यावे. रीतसर कलाशिक्षण घेतलेल्या, त्याआधी मोटारींवर रंग फवारण्याचे तंत्रही शिकलेल्या या चित्रकर्तीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सेलीनवरील चित्रकला शिकायला घेतली, आणि ती शिकली ती घरगुती पातळीवर हे काम पिढ्यान्पिढ्या करत आलेल्या स्त्रियांकडून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ही कला हजारो स्त्रियांपर्यंत पोचली होती. सिनसिनाटीच्या मेरी लुईस मॅक्लाफलिन यांनी १८७७ मध्येच नवशिक्यांसाठी तिच्यावर पुस्तक लिहिले होते. कलाजगताने या कामाला छंद म्हणून बाजूला ठेवले होते. शिकागो यांनी १९७९ मध्ये ‘द डिनर पार्टी’ ही जेवणाच्या मोठ्या टेबलाच्या रूपातली मांडणी पूर्ण केली तेव्हा तिच्यातल्या ३९ आसनांपुढच्या ताटांवर हेच तंत्र होते, आणि आज ती ब्रुकलिन संग्रहालयात कायमची मांडलेली आहे. मला यात मोलाचे वाटते ते हे की, नाव झालेली कलावंत असूनही त्या आधी या स्त्रियांसमोर विद्यार्थिनी म्हणून बसल्या. मोठी, उठावाची ताटे पुन्हा पुन्हा भाजताना त्यांची बरीच ताटे तडकली, हेही लक्षात ठेवावे. आकार वाढला आणि जाडी असमान झाली की धोका झपाट्याने वाढतो.

नक्कल करण्याविषयी आपण विचारलेले नाही, पण सांगणे भाग आहे. जुनी कामे समोर ठेवून हुबेहूब करणे हा इथला अभ्यासच आहे. कोपनहेगनच्या राजेशाही कारखान्यात १७९० ते १८०२ या काळात १८०२ नगांचा ‘फ्लोरा डानिका’ संच झाला; त्यावरील डेन्मार्कच्या वनस्पतींची चित्रे छापील वनस्पतिग्रंथावरून उतरवलेली आहेत, आणि त्यांतली बहुतेक योहान क्रिस्टॉफ बायर या एका माणसाच्या हातची आहेत. ग्रंथातले सपाट पान वक्र बशीवर, झाकणावर, भांड्याच्या पोटावर बसवताना देठ कुठे वाकवायचा आणि मुळे कुठे वळवायची याचे निर्णय त्याने पानोपानी घेतले आहेत. ते निर्णय पाहिले की नक्कल म्हणजे बुद्धीला सुट्टी नव्हे हे पटते. इतके बारीक काम करताना त्याची दृष्टी अधू झाली. म्हणून उजेड चांगला असावा, भिंग लावायला संकोच करू नये, आणि मनगटाला लाकडी पट्टीचा आधार द्यावा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेले चिनी आणि जपानी पोर्सेलीन आहे. तिथे वही घेऊन जावे आणि एकाच भांड्यासमोर बराच वेळ थांबून रंग कोणत्या क्रमाने लावले असतील ते ओळखण्याचा प्रयत्न करावा. रंगाच्या थराची उंची बाजूने तिरके पाहिले की दिसते.

भट्टीविषयी. पहिले वर्ष स्वतःची घेऊ नये. एखाद्या सिरॅमिक स्टुडिओत झिलईवरच्या कामासाठी स्वतंत्र भाजणी करून मिळते का ते पाहावे. पण पुढे जायचे असेल तर स्वतःची लागेलच, कारण कोणत्या भाजणीत काय झाले हे दुसऱ्याच्या भट्टीत नेमके कळत नाही. दोन-तीन किलोवॅटची छोटी इलेक्ट्रिक भट्टी घरातल्या १५ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर चालते, मात्र वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. साधारण ४०० अंशांपर्यंत झडप उघडी ठेवून हळू तापवावे, कारण या टप्प्यात तेल जळते आणि त्याचा धूर बाहेर जायला हवा. तो आत कोंडला तर रंग निस्तेज होतात. त्यानंतर झडप लावून वेग वाढवता येतो, शेवटच्या तापमानाला काही मिनिटे थांबावे आणि मग भट्टी आपोआप निवू द्यावी. १०० अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडू नये. कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबण्याऐवजी आत शंकू, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके, ठेवावेत. आकडा फक्त तापमान सांगतो, शंकू उष्णता आणि वेळ यांचा एकत्रित परिणाम दाखवतो. भाजण्यांचा क्रम असा ठेवावा की ज्यांना जास्त उष्णता लागते ते रंग आधी आणि लोहाचे लाल नंतर. सोन्याचा मुलामा सगळ्यांत शेवटी, कमी तापमानाला.

आपल्याकडे बाजारात मिळणारी पांढरी भांडी बहुधा बोन चायना किंवा स्टोनवेअर असतात. बोन चायनाची झिलई कठीण पोर्सेलीनपेक्षा मऊ असते, रंग तिच्यात अधिक मुरतो आणि सुंदर ओलसर चकाकी येते, पण बारीक रेषा किंचित विरघळल्यासारखी होते. म्हणून एका प्रकारच्या भांड्यावर केलेल्या चाचण्या दुसऱ्यावर लागू धरू नयेत. घरातले वर्षानुवर्षे वापरलेले कप रंगवायला घेऊ नयेत. त्यांत शिरलेला ओलावा आणि तेलकटपणा भट्टीत काळे ठिपके आणि फोड होऊन बाहेर येतो.

आरोग्याच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. जुन्या प्रकारच्या अनेक रंगांत शिसे असते, काहींत कॅडमियम असते. पूड हाताळताना योग्य मास्क लावावा, टेबल ओल्या फडक्याने पुसावे, झाडू नये, कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवू नये, त्या खोलीत चहा-खाणे करू नये आणि लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना या पुडीपासून दूर ठेवावे. टर्पेंटाइनसाठी खिडकी उघडी असावी. अन्न ज्या भागाला लागते तिथे रंग नकोच; तो काठावर, बाहेरच्या बाजूला किंवा केवळ शोभेच्या बशीवर असावा. आपल्या स्वयंपाकात चिंच, कोकम, लिंबू, ताक यांचा आंबटपणा रोजचा आहे, आणि शिसे आम्लात अधिक सुटते. रंगवलेल्या भागावर व्हिनेगर २४ तास ठेवून पाहिले आणि चकाकी गेली तर रंग नीट भाजला गेलेला नाही, असे समजावे. चकाकी टिकली म्हणून भांडे जेवणासाठी सुरक्षित ठरत नाही. विकायची भांडी प्रयोगशाळेत तपासून घ्यावी लागतात. मी स्वतः कोणतेही भांडे आतल्या बाजूने रंगवून जेवणासाठी देत नाही, आणि ग्राहकाने आग्रह केला तरी नकार देते.